जुन्या पिकअपचे बसलेले पाटे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी या भागांतील पिकअपमालक पाट्यांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. एखाद्या मुद्द्याची चर्चा दुसऱ्या उत्तरात झाली असल्यास तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पाटे म्हणजे नेमके काय, आणि ते गाडीत कोणते काम करतात?

पाटे म्हणजे स्प्रिंग स्टीलच्या, कमानीसारख्या वाकवलेल्या आणि एकावर एक रचलेल्या पट्ट्या होत. सर्वांत लांब पट्टीला मेन पाटा म्हणतात आणि तिच्या दोन्ही टोकांना बुश (रबरी किंवा धातूची नळी) बसवण्यासाठी डोळे, म्हणजे गोल वेटोळी, असतात. सगळ्या पट्ट्या मधोमध एका सेंटर बोल्टने जोडलेल्या असतात आणि हा संपूर्ण जुडगा यू बोल्टांनी (इंग्रजी यू आकाराच्या बोल्टांनी) ॲक्सलला, म्हणजे चाकांच्या आसाला, आवळलेला असतो. पुढचा डोळा चेसीसच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) ब्रॅकेटमध्ये पक्का असतो, तर मागचा डोळा शॅकलवर (हलत्या दुव्यावर) झुलतो, कारण वजन पडून कमान सपाट झाली की पाट्याची लांबी थोडी वाढते. पाटे केवळ वजन उचलतात असे नाही, तर ॲक्सल जागच्या जागी धरून ठेवण्याचे कामही तेच करतात, म्हणून पाट्यातला बिघाड हा केवळ धक्के बसण्याचा प्रश्न राहत नाही.

२. पाटे बसले आहेत, म्हणजे त्यांची कमान कमी झाली आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

आधी चारही टायरांची हवा सारखी करावी, गाडी रिकामी करावी आणि ती सपाट काँक्रीटवर उभी करावी. मग चाकाच्या मध्यापासून सरळ वर हौद्याच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि दोन्ही बाजूंची मापे खडूने हौद्यावरच लिहून ठेवावीत. दोन्ही बाजूंत एका बोटाहून अधिक फरक असेल, किंवा रिकाम्या गाडीचा मेन पाटा जवळजवळ सरळ रेषेत दिसत असेल, तर पाटे बसले आहेत असे समजावे.

त्यानंतर ॲक्सल आणि बंप स्टॉपचा (ॲक्सल चेसीसवर आपटू नये म्हणून लावलेल्या ठोकळ्याचा) रबर यांतील फट पाहावी. त्या रबरावर घासून चकाकी आली असेल, तर भरलेली गाडी प्रत्येक खड्ड्याला चेसीसवर आपटत आहे. पट्ट्यांच्या मधून गंजाची ताजी तांबडी रेघ ओघळलेली दिसली, तर तेथे चीर आहे का हे डिझेलने पुसून आणि टॉर्च लावून पाहावे. आमच्याकडच्या तांबड्या मातीत ही रेघ सहज लपून जाते, म्हणून पाटे आधी पाण्याच्या फवाऱ्याने धुवावेत.

३. पाटा बसला म्हणजे तो नरम झाला का?

नाही, आणि निम्मी चुकीची खरेदी याच समजुतीतून होते. पाट्याचा कडकपणा पट्ट्यांच्या लांबी, रुंदी, जाडी व संख्येवर अवलंबून असतो. वर्षानुवर्षे जादा वजन पडून पाट्याची मोकळी कमान कायमची कमी होते, पण शंभर किलो वजन ठेवल्यावर तो जेवढा खाली जायचा, साधारण तेवढाच आजही जातो. फरक इतकाच की त्याची सुरुवातच खालून होते, म्हणून त्याच खेपेला आता तो बंप स्टॉपवर टेकतो. गाडी खाली बसते म्हणून अधिक कडक पाटे मागवणे हे त्यामुळे बहुतेक वेळा चुकीच्या रोगावरचे औषध ठरते. मूळ मापाचा आणि मूळ कमानीचा नवा जुडगा बसवला की तक्रार मिटते.

४. पाटे ठोकून पुन्हा कमान भरून घेतली तर चालते का?

काही महिने चालते. गार पाट्यावर घणाचे घाव घालून दिलेली कमान टिकत नाही, कारण पोलादाच्या आतल्या ताणाची घडी बदललेली असते, आणि भरलेल्या गाडीच्या काही खेपांत पाटा पुन्हा खाली येतो. त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. डोळे वर असलेल्या पाट्यावर वजन पडले की वरचा, म्हणजे खोलगट बाजूचा पृष्ठभाग ताणला जातो, आणि घणाचे घाव नेमके तेथेच पडलेले असतील, तर प्रत्येक खळगा पुढे चिरेचे मूळ ठरू शकतो.

भट्टीत तापवून, तेलात विझवून आणि पुन्हा योग्य तापमानाला मुरवून कमान भरली तर ते काम टिकते, पण त्यासाठी तापमानावर ताबा लागतो. कोळशाच्या भट्टीत रंगाच्या अंदाजाने केलेले काम दोन्हीकडे चुकू शकते: पाटा काचेसारखा ठिसूळ तरी होतो किंवा मऊ तरी पडतो. उद्यमबागेच्या परिसरात फाउंड्री आणि यंत्रकामाचे कारखाने आहेत, त्यामुळे उष्णतासंस्काराची चांगली सोय असलेली जागा शोधणे आपल्याकडे तुलनेने सोपे आहे. तरीही जुन्या पाट्यांत धातूचा थकवा (वारंवार वाकून आलेली कमजोरी) किती साचला आहे हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मी स्वतः मेन पाट्याची कमान भरून घेत नाही.

५. एकाच बाजूचा पाटा तुटला असेल तर तेवढाच बदलावा का?

मागचे दोन्ही जुडगे जोडीनेच बदलावेत. नव्या आणि जुन्या कमानीत फरक राहिला, तर गाडी तिरपी उभी राहते, आणि भरलेल्या अवस्थेत ब्रेक दाबला की एका बाजूला ओढते. गाडी नवी असून दगड लागून एखादी पट्टी तुटली असेल, तर ती एकच बदलणे ठीक आहे. पंधरा वर्षांच्या गाडीला हा अपवाद लागू होत नाही.

६. मिस्त्री म्हणतात, एक जादा पाटा टाकू. टाकावा का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

सहा पट्ट्यांच्या जुडग्यात त्याच जाडीची आणि साधारण सारख्या लांबीची सातवी पट्टी घातली, तर कडकपणा ढोबळमानाने एक षष्ठांशाने, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. कागदावर हे थोडे वाटते, पण गाडी रिकामी असतानाही ते सोबत येतेच. गोव्याला भाजी पोहोचवून चोर्ला घाटातून रिकामी परतणारी पिकअप पावसाळ्यात ओल्या वळणावर मागून सरकते, त्यामागे बऱ्याचदा असे कडक पाटे असतात: हलक्या हौद्याखाली टायर रस्त्याला चिकटून राहत नाही, तो उड्या मारतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पट्ट्यांची वक्रता एकसारखी नसते. कारखान्यात प्रत्येक पट्टीला किंचित वेगळी कमान दिलेली असते, जेणेकरून सेंटर बोल्ट आवळल्यावर त्या एकमेकींवर दाबून बसतात आणि वजन वाटून घेतात. मोडीच्या दुकानातून आणलेली, दुसऱ्याच गाडीची पट्टी मध्ये सरकवली, तर ती एक तर वजन घेतच नाही किंवा सगळे वजन स्वतःवर घेऊन आधी तुटते. शिवाय जुडगा जाड झाल्यामुळे जुने यू बोल्ट अपुरे पडतात, आणि नटाच्या वर आट्याचे दोन-तीन वेढेही उरत नसतील तर तो बोल्ट सुरक्षित नाही.

गाडीला नेहमीच पूर्ण खेप असते, रिकामी फेरी क्वचितच होते आणि वजन नोंदणीतील मर्यादेतच असते, अशा गाडीला नव्या मूळ जुडग्यात कारखान्याने तयार केलेली जादा पट्टी घालणे समर्थनीय आहे. बसलेल्या जुन्या जुडग्यात जादा पट्टी घालणे मात्र नाही.

७. पट्ट्यांची संख्या तीच ठेवून जाड पाटे घातले तर?

येथे जाडीचे गणित फसवे आहे. पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८ मिलिमीटरऐवजी ९ मिलिमीटरच्या पट्ट्या घेतल्या, तर कडकपणा ४२ टक्क्यांनी वाढतो, आणि १० मिलिमीटरला तो जवळजवळ दुप्पट होतो. दुकानदार "एकच मिलिमीटर जास्त आहे" असे म्हणत असेल, तर त्याचा अर्थ हा आहे. आणखी एक: सारख्याच वाकण्याला जाड पट्टीत ताण जास्त निर्माण होतो, म्हणून पातळ पट्ट्यांच्या जुडग्यात एकच जाड पट्टी घातली तर ती सर्वांत आधी तुटण्याची शक्यता असते.

८. हेल्पर पाटे कसे असतात?

हेल्पर पाटा हा मुख्य जुडग्यावर स्वतंत्र बसतो आणि ठरावीक वजन पडल्यावरच चेसीसवरच्या ठोकळ्यांना टेकतो. म्हणून रिकाम्या गाडीचा मऊपणा कायम राहतो आणि भरल्यावर आधार मिळतो. कधी पूर्ण भरून आणि कधी रिकामी अशी धावणाऱ्या गाडीसाठी प्रश्न ६ मधल्या जादा पट्टीपेक्षा हा उपाय मला योग्य वाटतो. मात्र ठोकळ्यांची उंची दोन्ही बाजूंना सारखी हवी, आणि ते चेसीसवर वेल्डिंग न करता बोल्टने बसवावेत.

९. पाटे मजबूत केल्यावर जास्त वजन भरता येते का?

कायद्याने नाही आणि यांत्रिकदृष्ट्याही नाही. गाडीची वजनमर्यादा ॲक्सल, व्हील बेअरिंग, टायर, चेसीस आणि ब्रेक या सर्वांवर मिळून ठरलेली असते. पाटे हा त्यांतला एक भाग आहे. पाटे कडक केले की गाडी खाली बसत नाही, त्यामुळे चालकाला वजन जास्त झाल्याचा अंदाजच येत नाही आणि तुटण्याची पाळी त्यानंतरच्या सर्वांत कमकुवत भागावर येते. खानापूरकडच्या वीटभट्ट्यांवर हे सतत पाहायला मिळते. वीट साधारण तीन किलोची धरली तर पाचशे विटा दीड टन होतात, आणि तेवढ्यावर "पाटे नवे आहेत" म्हणून आणखी दोनशे चढवल्या जातात.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११३ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील वजनापेक्षा जास्त भार घेऊन गाडी चालवता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये त्यासाठी २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये असा दंड आहे. याशिवाय कलम ५२ नुसार, मूळ रचनेपासून नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. गाडी केए-२२ ची असो, केए-२३ ची असो वा एमएच-०९ ची, वजनकाट्यावर नोंदणीपुस्तकातला आकडाच पाहिला जातो.

बटाट्याची गोणी ५० किलोची असेल, तर १.३ टन क्षमतेच्या गाडीत २६ गोण्या बसतात, आणि सत्ताविसावी गोणी पाट्यांच्या भरवशावर चढवू नये.

१०. नवे पाटे घेताना कोणती मापे नेऊन द्यावीत?

गाडीचे मॉडेल आणि वर्ष एवढ्यावर भागत नाही, कारण जुन्या गाडीचे पाटे आधीच कोणीतरी बदललेले असण्याची शक्यता असते. पुढच्या डोळ्याच्या मध्यापासून सेंटर बोल्टपर्यंतचे आणि तेथून मागच्या डोळ्यापर्यंतचे अंतर वेगवेगळे मोजावे, कारण अनेक गाड्यांत ही दोन अंतरे सारखी नसतात आणि पाटा उलटा बसवल्यास ॲक्सल पुढे किंवा मागे जातो. पट्टीची रुंदी, व्हर्नियर कॅलिपरने मोजलेली प्रत्येक पट्टीची जाडी, पट्ट्यांची संख्या, डोळ्याचा आतला व्यास आणि सेंटर बोल्टच्या डोक्याचा व्यास ही मापे कागदावर लिहून न्यावीत. सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलवरच्या भोकात बसून ॲक्सल जागेवर धरते, म्हणून ते सैल असणे परवडत नाही.

११. पाट्यांबरोबर आणखी काय बदलावे?

यू बोल्ट आणि त्यांचे नट नवेच घ्यावेत. एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा तेवढीच पकड देत नाही, आणि पाट्यांच्या खर्चापुढे त्याची किंमत क्षुल्लक आहे. सेंटर बोल्ट, डोळ्यांचे बुश आणि शॅकलची पिन हेही त्याच वेळी बदलावेत. शॉकअपमधून (गाडीचे डुलणे थांबवणाऱ्या नळकांड्यातून) तेल ओघळले असेल, तर प्रश्न १७ पाहावा.

१२. बसवताना मिस्त्रीकडून काय करून घ्यावे?

यू बोल्टचे चार नट समोरासमोर, थोडे थोडे करून, टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत आणि टॉर्कचा आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्यावा. पान्याला पाइप लावून अंगाच्या जोराने आवळण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण त्यात दोन नट ताणले जातात आणि दोन सैल राहतात. डोळ्याचे बुश रबरी असतील, तर त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नयेत. गाडी चाकांवर उतरवून, तिच्या वजनाने पाटे दबल्यानंतरच आवळावेत, नाहीतर रबर कायम पीळ घेऊन राहते आणि काही महिन्यांत फाटते. पहिल्या भरलेल्या खेपेनंतर यू बोल्ट पुन्हा तपासावेत, कारण नव्या पट्ट्यांवरचा रंग दबून त्यांची पकड ढिली होते.

१३. पाटे नवे घातल्यापासून भरलेल्या गाडीचा मागचा ब्रेक कमी लागतो. असे का होते?

हा प्रश्न घाटातून जाणाऱ्यांनी अवश्य वाचावा. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून एक काडी चेसीसवरच्या ब्रेक व्हॉल्व्हपर्यंत गेलेली असते. वजन पडून चेसीस खाली आला की काडी ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असेल तर दाब कमी करतो, जेणेकरून मागची चाके लॉक होऊ नयेत. नव्या किंवा कडक पाट्यांमुळे गाडी भरूनही उंच राहिली, तर व्हॉल्व्हला ती अर्धी रिकामीच वाटते. मग सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो आणि चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या उतारावर पुढचे ड्रम किंवा डिस्क तापतात.

उपाय हा की पाटे बदलल्यानंतर त्या काडीची लांबी पुस्तकातील मापाप्रमाणे पुन्हा जुळवून घ्यावी. काही ठिकाणी ती काडी तारेने वर बांधून टाकतात. माझ्या स्वतःच्या गाडीला एका गॅरेजात असे करून दिले होते, आणि रिकाम्या फेरीत पहिल्याच पावसात जांबोटीच्या अलीकडे मागची चाके लॉक होऊन गाडी आडवी झाली. समोरून कोणी येत नव्हते म्हणून निभावले. तार सोडल्यावर काडीवर तिचा खोल वळ उमटलेला दिसला, तो आजही त्या काडीवर आहे.

१४. हेडलाइट आणि प्रॉपेलर शाफ्टचे काय?

मागचा भाग बसलेला असताना हेडलाइट वर उडालेले असतात आणि कोणीतरी ते स्क्रूने खाली केलेले असतात. मागचा भाग उचलला की उजेड बंपरच्या पुढेच पडतो, म्हणून ते पुन्हा जुळवावेत. पाट्यांनंतर ठरावीक वेगाला थरथर सुरू झाली असेल, तर प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत फिरणाऱ्या दांड्याचा) कोन बदलला आहे असे समजावे. ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये पाचर घालून तो कोन सुधारता येतो.

१५. पाट्यांना जळके ऑइल लावावे का?

नको. जळक्या ऑइलावर घाटातली तांबडी धूळ बसते, त्याची वाळूच्या कागदासारखी लेई होते, आणि तेच ऑइल बुशच्या रबरात शिरून ते फुगवते. पट्ट्या एकमेकींवर घासणाऱ्या जुन्या पद्धतीच्या जुडग्यात, पाटे खोललेले असतानाच मधल्या भागाला ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ थर लावावा. पट्ट्यांच्या टोकांना नायलॉन किंवा रबरी पॅड असतील, तर काहीही लावू नये. वरून रंग मारणे उपयोगी आहे. कणकुंबीकडच्या पावसात नियमित फिरणाऱ्या गाडीचे पाटे दर उन्हाळ्याच्या शेवटी धुऊन तपासावेत. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीचे पासिंग (आरटीओची तंदुरुस्ती तपासणी) दरवर्षी होते, त्यामुळे हे काम त्याआधीच उरकणे सोयीचे पडते.

१६. वाटेत पाटा तुटला तर गाडी चालवत आणावी का?

काय तुटले आहे यावर ते अवलंबून आहे. खालची आखूड पट्टी तुटली असेल, तर माल उतरवून सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत येता येते. मेन पाट्याचा डोळा तुटला असेल, तर काही जुडग्यांत दुसऱ्या पाट्याचे टोक त्या डोळ्याला वेढून घेतलेले असते आणि ॲक्सल तात्पुरता धरला जातो. तसे वेढे नसतील तर गाडी हलवूच नये. सेंटर बोल्ट तुटणे सर्वांत फसवे असते, कारण बाहेरून काहीच तुटलेले दिसत नाही. चालू गाडीत ब्रेक लावताना मागून एक "टक्" असा आवाज येतो आणि उतरून पाहिल्यास एका बाजूचे चाक हौद्याच्या कमानीत थोडे मागे सरकलेले दिसते. अशा वेळी गाडी ओढून न्यावी.

पाटा वेल्डिंगने जोडून गाडी चालवू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या पोलादाचा संस्कार जातो आणि तो शेजारीच पुन्हा तुटतो.

१७. नवे पाटे घालूनही रिकामी गाडी उड्या मारते. पाटे परत करावेत का?

आधी शॉकअप तपासावेत. हौद्याचा एक कोपरा दोन-तीनदा दाबून सोडावा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर शॉकअप ठीक आहे, आणि ती डुलत राहिली तर तो गेला आहे. शॉकअप चांगला असेल आणि मागचा भाग दाबलाच जात नसेल, तर पाटे गरजेपेक्षा कडक आहेत. त्याचे कारण प्रश्न ६ आणि ७ मध्ये दिले आहे. गाडी उंच झाल्यामुळे शॉकअप पूर्ण ताणला जाऊन खड्ड्यात खालून ठणका देत असेल, तर लांब शॉकअप घ्यावा लागतो.

१८. पुढचे पाटे बदलण्याचे नियम वेगळे आहेत का?

पुढे पाटे असतील तर वरील बहुतेक सर्व उत्तरे लागू होतात, मात्र बदलल्यावर व्हील अलाइनमेंट केलीच पाहिजे. काही पिकअपना पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी सळई) किंवा कॉइल (गुंडाळीची स्प्रिंग) असते. टॉर्शन बारची उंची बोल्टने वाढवता येते, पण त्याने कडकपणा वाढत नाही, केवळ उंची वाढते.

१९. जोडीने नवे पाटे घातले, तरी गाडी एका बाजूला झुकलेलीच आहे. दोष कोणाचा?

दुकानदाराला बोलण्याआधी दोन्ही जुडगे उजवे-डावे अदलाबदल करून बसवावेत. झुकाव पाट्याबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर पाटे सदोष आहेत आणि ते परत करता येतात. झुकाव जागच्या जागीच राहिला, तर कारण दुसरीकडे आहे: पुढचा एखादा पाटा किंवा कॉइल बसलेली असते, शॅकलचा ब्रॅकेट वाकलेला असतो, किंवा जुन्या जादा वजनाने चेसीसच वाकलेला असतो. चेसीस वाकला आहे का हे पाहण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून, चेसीसच्या चारही कोपऱ्यांतून ओळंबा सोडावा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली तिरपी अंतरे जमिनीवर खुणा करून मोजावीत. तिरप्या अंतरांत फरक निघाला, तर पाट्यांवर आणखी पैसे न घालता गाडी चेसीस सरळ करणाऱ्याकडे न्यावी.